आता जशी येते तशी सही करा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेले भाषण)



याआधी मी माईकसमोर उभा राहिलो तो वार्षिक सभेत, टँकरच्या बिलावर बोलायला. त्यामुळे काही जण आत्ताच घड्याळाकडे बघत असतील. घाबरू नका, आज हिशेब नाही. आज गाण्याबद्दल बोलायचं आहे.

गेल्या गणपतीत आमच्या सौ. याच मंडपात वीस मिनिटं गायल्या आणि मी पेटीवर साथ केली. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "काका, हे इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतं?" त्या दिवशी नुसता हसलो. आज उत्तर देतो.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. बचत खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही की ते खातं निष्क्रिय होतं. माणसं घाबरून यायची, "साहेब, पैसे बुडाले का हो?" पैसे बुडत नाहीत, व्याजही जमा होत राहतं. फक्त नवा फोटो द्यायचा, कागदपत्रं द्यायची आणि सही करायची. खरी अडचण सहीची. वीस वर्षांपूर्वीची सही जुळायची नाही. जुनी सही आठवून काढायला गेले की हात आणखीच थरथरायचा. मग मी म्हणायचो, "आजोबा, जुनी राहू द्या. आता जशी येते तशी करा, तीच नोंदवून घेऊ."

दुसऱ्याला सांगितलेलं हे शहाणपण स्वतःला लागू करायला मला सत्तरी गाठावी लागली.

खंडानंतर परत येणं म्हणजे काय, हे आपल्याला पं. कुमार गंधर्वांनी दाखवून ठेवलं आहे. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. लहानपणीच नाव झालं, मग मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण. ऐन विशीत क्षयाने गाठलं. १९४८ साली कोरड्या हवेसाठी ते मध्य प्रदेशात देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पत्नी भानुमतींनी शुश्रूषा केली, स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचं नवं औषध मिळालं आणि जीव वाचला. पण एक फुफ्फुस निकामी झालं. जवळजवळ पाच वर्षांनी, १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले.

त्यांनी जुनी सही गिरवली नाही, ही यातली मोठी गोष्ट. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर येत होती, ती त्यांनी साठवली. त्या धुनांमधून पुढे नवे राग उभे केले. १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा संग्रह आला. उरलेल्या श्वासात मावतील अशा छोट्या, धारदार स्वरावली त्यांच्या गाण्यात आल्या. काही जाणकारांना ते पटलं नाही, वाद झाले. पण आज आपण ज्या कुमारांना ओळखतो, ते हेच.

आता आमच्या घरातलं. लग्न झालं तेव्हा हिची गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा पूर्ण झाली होती, विशारदची तयारी चालू होती. मी कॉलेजात पेटी शिकलेला. वर्षभरात बदलीची ऑर्डर आली, पुढे नऊ बदल्या झाल्या. दोघांचंही थांबलं. मी सगळ्यांना सांगायचो, "नोकरीने आमचं संगीत खाल्लं."

काही वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर मी हे वाक्य टाकलं. पाहुणे गेल्यावर ही म्हणाली, "अहो, तुमचं नोकरीने थांबवलं. माझं कोणी थांबवलं?"

मला उत्तर देता आलं नाही. एका तालुक्याच्या गावी तिने शिकवणाऱ्या बाई शोधल्या होत्या. "पुढच्या वर्षी बदली होईलच, कशाला सुरू करतेस?" असं मीच म्हणालो होतो. त्या गावात आम्ही चार वर्षं राहिलो. मी थांबलो त्याबद्दल मला पगार मिळाला, बढती मिळाली, आज पेन्शन मिळतं. ती थांबली त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

खोटं कशाला सांगू, रिटायर झाल्यावरही पेटी नऊ वर्षं माळ्यावरच होती. आता वेळ नाही म्हणायची सोय नव्हती. भीती होती, आपलंच वाजवणं आपल्याला ऐकवणार नाही याची. तिच्या त्या प्रश्नानंतर पेटी खाली काढली. उंदरांनी भाता कुरतडला होता. दुरुस्त करून, सूर लावून आणली. पहिल्याच संध्याकाळी तार षड्जाला हिचा आवाज फाटला. "पुरे," म्हणाली आणि उठून गेली. दहा दिवस पेटीला कोणी हात लावला नाही.

मग मला ते सहीवाले आजोबा आठवले. पूर्वी ही काळी पाचमध्ये गायची. मी म्हटलं, "काळी तीनमध्ये गाऊन बघ." आवाज बसला. पूर्वीची फिरत नाही, पण प्रत्येक स्वरावर थांबायला आता तिला सवड आहे. माझी बोटं दुगुनीत अडखळतात, मग ती माझ्यासाठी लय थोडी सोडते. रोज वीस मिनिटं, दुपारच्या चहाच्या आधी. एवढाच आमचा रियाज.

मित्रहो, या पंचवीस वर्षांत आपण बोअरवेल घेतली, लिफ्ट बदलली, दोनदा रंग काढला. पण या चार विंगांमध्ये किती माळ्यांवर पेट्या, रंगांचे डबे, कवितांच्या वह्या पडून आहेत, याची यादी आपल्या दप्तरात नाही. आज घरी गेल्यावर स्वतःचा माळा बघाच. पण त्याआधी शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, "तुझं काय राहिलं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मला हे विचारायला चाळीस वर्षं लागली.

दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही दोघं हॉलमध्ये पेटी घेऊन बसणार आहोत. कमिटीने परवानगी दिली आहे, भाडं माफ. चुकणाऱ्यांनी अवश्य यावं, तिथे चुकणारे आणखी दोघं आधीच बसलेले असतील.