अस्थिमज्जा, रंग आणि उजेड



जीवशास्त्राच्या तासाला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला पॅरामेशियम आठवतो का? १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याने ॲक्रिडिन रंग मिसळलेल्या पाण्यात पॅरामेशियम ठेवले. अंधारात ते जगले, उजेडात मेले. रंग आणि उजेड एकत्र आले की पेशी मरते, एवढीच ती गोष्ट. रक्ताच्या कर्करोगाशी तिचा संबंध पुढे आला.

या रोगात जबर औषधं दिली की रोगपेशींबरोबर रक्त तयार करणारी अस्थिमज्जाही नष्ट होते. मग नवी मज्जा द्यावी लागते. भारतात हे पहिलं प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. पण सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ज्याला असं भावंड नाही, त्याने काय करायचं?

त्याची स्वतःची मज्जा आधी काढून ठेवता येते, पण तिच्यात रोगपेशी दडलेल्या असू शकतात. १९८४ साली अमेरिकेत फ्रिट्झ सीबर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत मेरोसायनिन ५४० हा रंग वापरून पाहिला. तो रोगपेशींच्या आवरणाला जास्त चिकटतो, निरोगी मूळपेशींना कमी. उजेड पडला की तिथला ऑक्सिजन तीव्र होतो आणि ते आवरण फाटतं. अशी शुद्ध केलेली मज्जा रुग्णाला परत द्यायची, ही कल्पना.

ही पद्धत रोजच्या उपचारात मात्र आली नाही. बाहेर काढलेली मज्जा शुद्ध झाली, तरी शरीरात उरलेल्या रोगपेशींपर्यंत तो उजेड पोचत नाही. तरी उजेडाचं काम संपलेलं नाही. आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसवत. बावचीत सोरालेन असतं. त्याच कुळातलं औषध आज प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णावर उलटल्या तर वापरतात. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून त्यात औषध मिसळतात, अतिनील किरण देतात आणि पेशी परत सोडतात.

भावंड जुळलं नाही तर परक्या दात्याचा शोध घ्यावा लागतो आणि तो आपल्याच समाजात सापडण्याची शक्यता जास्त. नोंदणीला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की पुरतं. आपली वयं झाली, पण घरातली तरुण मुलं आहेत. आज घरी गेल्यावर त्यांच्याशी एवढं बोला, हीच विनंती.