फाइल नेमकी कुठे संपते?



फाइलची प्रत काढली, यंत्राने कसलीही कुरकुर केली नाही, आणि वापरायला घेतली तर ती अर्ध्यातच तुटलेली. १९८० च्या आसपास सीपी/एम ही कार्यप्रणाली चालणाऱ्या घरगुती संगणकांवर हा अनुभव अनेकांना आला. दोष फ्लॉपीचा, ड्राइव्हचा की प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमचा, हे शोधण्यात दिवस जात. या शोधाबद्दल मला आज बोलायचे आहे.

गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात सीपी/एम लिहिली. पुढे ऑस्बोर्न-१ सारख्या यंत्रांमुळे ती घरोघरी आणि छोट्या कचेऱ्यांत पोचली. तिच्यात प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव होते पिप. फाइल एका फ्लॉपीवरून दुसरीवर नेणे, छापायला पाठवणे, अनेक फाइली जोडून एक करणे, ही सगळी कामे तोच करायचा.

आता मूळ अडचण पाहा. सीपी/एमच्या २.२ आवृत्तीपर्यंत फाइलची लांबी बाइटमध्ये नोंदलेलीच नसे. हिशेब १२८ बाइटच्या रेकॉर्डांचा. तुमचा मजकूर १३० अक्षरांचा असेल तर दोन रेकॉर्ड लागणार, आणि दुसऱ्यातली दोनच अक्षरे खरी. मग मजकूर संपला हे कळणार कसे? त्यासाठी शेवटी एक खुणेचे चिन्ह ठेवत: कंट्रोल-झेड, म्हणजे २६ हा आकडा, षोडशमान पद्धतीत १ए. मजकुरापुरती ही सोय उत्तम होती, कारण लिहिण्यात हे चिन्ह कोणी वापरत नाही.

यंत्रभाषेत मात्र हाच १ए एक सरळसाधी आज्ञा आहे. ८०८० प्रोसेसरला तो सांगतो, डीई या रजिस्टर-जोडीत जो पत्ता आहे तिथला बाइट उचल. एका जागेवरचा मजकूर दुसरीकडे हलवणाऱ्या कोडमध्ये ही आज्ञा हमखास सापडते. पिप एकच फाइल जशीच्या तशी उतरवताना रेकॉर्डामागून रेकॉर्ड नेई, तेव्हा काही बिघडत नसे. दोन फाइली जोडताना मात्र त्या मजकुराच्या आहेत असे गृहीत धरून पिप पहिला १ए दिसताच थांबे. म्हणून एक फाइल सुखरूप येई, दुसरी कापली जाई, आणि माणूस फ्लॉपी बदलत बसे.

पडताळणीचा पर्यायही इथे कामाचा नव्हता. 'व्ही' लावला की पिप लिहिलेले परत वाचून ताडून पाही. पण जेवढे लिहायचे ठरले तेवढेच लिहिले गेले असल्याने ताळा बरोबर जुळे. माझ्या मते या दोषाचे सगळ्यात फसवे अंग हेच. सापडे तो दुसऱ्या वाटेने. आधी स्टॅट या आज्ञेने दोन्हीकडची रेकॉर्डसंख्या पाहायची. मग डीडीटी या दोषशोधक प्रोग्रॅममध्ये मूळ फाइल उघडून बाइट छापून घ्यायचे आणि प्रत जिथे तुटली तिथपर्यंत बोट फिरवत जायचे. पुढचाच बाइट १ए दिसला की गुन्हेगार हाती लागला. उपाय एका अक्षराचा: चौकटी कंसात 'ओ'. मग पिप त्या खुणेकडे लक्षच देत नसे.

पिपची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. तो नवी प्रत आधी तीन डॉलर-चिन्हांच्या तात्पुरत्या नावाने लिही, आणि काम पुरे झाल्यावरच जुनी पुसून नाव बदली. मध्येच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत. त्यापायी फ्लॉपीवर दोन्हींपुरती जागा लागे, आणि भरत आलेल्या फ्लॉपीवर जुनीच फाइल बदलतानाही जागा संपल्याची तक्रार येई. ती तक्रार रास्त होती.

तशीच दुसरी रास्त तक्रार फ्लॉपी बदलल्यावरची. कंट्रोल-सी न दाबता नवी फ्लॉपी घालून लिहायला गेलात की सीपी/एम तो ड्राइव्ह 'फक्त वाचनासाठी' ठरवून अडवी. लोक वैतागत. पण कुठली जागा रिकामी याचा नकाशा स्मृतीत जुन्या फ्लॉपीचा असे. त्यावर विसंबून लिहिले असते तर नव्या फ्लॉपीवरच्या चांगल्या फाइली चिरडल्या गेल्या असत्या.

सीपी/एम मागे पडली, कंट्रोल-झेडची खूण टिकली. एमएस-डॉसच्या कॉपी आज्ञेने ती उचलली, आणि आजच्या विंडोजमध्येही अधिक-चिन्ह देऊन फाइली जोडल्या तर त्या मजकुराच्याच मानल्या जातात. तेव्हा चित्रे, ध्वनी किंवा प्रोग्रॅम अशा फाइली जोडताना स्लॅश-बी लावा, आणि मूळ फाइली पुसण्याआधी जोडलेल्या फाइलीची लांबी मूळ लांब्यांच्या बेरजेशी ताडून पाहा.