नवा मासा, वेगळं पाणी

क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेली मॉली पिशवीत कितीही तजेलदार दिसली, तरी तिला थेट घरच्या टाकीत सोडू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे ‘इक’, याचा परजीवी बरेचदा आधी कल्ल्यांत दडून बसतो. तिथे तो दिसणार कसा? पुढे अंगावर मिठाच्या कणाएवढे ठिपके उठतात, मासा दगडाला अंग घासू लागतो. पूर्ण वाढलेला परजीवी गळून तळाशी जातो आणि त्या एकातून शेकडो बारीक जीव निघून नवा मासा शोधू लागतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या जिवांनाच, कातडीखालच्याला नाही. म्हणून एका डोसवर थांबणं धोक्याचं.

नव्या माशाला वेगळं ठेवायला 20 लिटरचा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, लपायला मातीच्या कुंडीचा तुकडा, एवढं पुरे. स्पंज मात्र दोन-तीन आठवडे आधीच जुन्या टाकीत ठेवा, म्हणजे त्यात उपयोगी जिवाणू रुजतात. जाळीही वेगळी हवी, कारण ओल्या जाळीतूनही रोग पोचतो. मासा 3 ते 4 आठवडे असाच वेगळा राहू द्या. गार पाण्यात परजीवीचं चक्र लांबतं, तेव्हा थंडीत आणखी थोडे दिवस थांबा.