घरचे वाचन आणि पालक



तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियानाने आपणापुढे ठेवले. ते केवळ शाळेच्या तासांत साधणारे नाही, हे आपण सर्वजण जाणता. म्हणूनच आज पालकांविषयी बोलावयाचे आहे.

पालकसभेत आपण सांगतो, ‘मुलाचा घरी अभ्यास घ्या.’ आई मान डोलावते आणि घरी त्यातले काहीच घडत नाही. ही अनास्था आहे, असे मला वाटत नाही. जिची शाळा चौथीतच सुटली, तिला मुलासमोर अडखळत वाचण्याचा संकोच वाटतो. जिला अक्षरओळखच नाही, तिला तर आपला येथे काय उपयोग, असे वाटते. तेव्हा ‘अभ्यास घ्या’ हे शब्दच आपण टाकून द्यावेत. ‘दिवेलागणीनंतर दहा मिनिटे मुलाजवळ बसा, ते पुस्तकातले काय सांगते ते ऐका,’ एवढेच म्हणावे. चित्रावर बोट ठेवून ‘पुढे काय झाले रे?’ असे विचारावयास अक्षर यावे लागत नाही. ज्या आजीला जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत आहेत, तिच्याजवळ भाषेचे भांडवल आपल्याहून थोडे अधिकच असेल! आईबाप ऊसतोडीस गेले म्हणजे पुष्कळ मुले आजीजवळच राहतात. सभेचे बोलावणे तिलाही जावे.

ज्यांना वाचता येते त्यांनी मात्र मोठ्याने वाचून दाखवावे. तीच गोष्ट मुलाने दहा वेळा मागितली तरी कंटाळू नये. ऐकून पाठ झालेल्या गोष्टीतले शब्दच मूल प्रथम पानावर ओळखू लागते. ते वाचताना चुकले, तर लगेच टोकू नये. वाक्य पुरे होऊ द्यावे.

पण घरी वाचावयाचे काय? कित्येक घरांत पाठ्यपुस्तक व भिंतीवरची दिनदर्शिका यांखेरीज छापील कागद नसतो. शाळेत गोष्टींची पुस्तके आहेत. परंतु ती कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. ते का, हेही मी जाणतो. जडसंग्रह नोंदवहीत एक पुस्तक कमी भरले, तर तपासणीत उत्तर कोणी द्यावयाचे, ही धास्ती खोटी नाही. तथापि, हाताळून फाटलेल्या पुस्तकाचे रीतसर निर्लेखन करता येते, आणि तसा प्रस्ताव आल्यास मी कोणास दोष देणार नाही, हे आज सर्वांसमक्ष सांगतो. कोरी करकरीत पुस्तके पाहून मला आनंद होत नाही.

शनिवारी शाळा सुटताना प्रत्येक मुलाच्या हाती एक पुस्तक द्यावे. पुढच्या शनिवारी ते बदलून द्यावे. पहिलीच्या मुलास मोठ्या चित्रांचे व थोड्या ओळींचे द्यावे. परत घेताना ‘वाचलेस का?’ असे न विचारता ‘कोणाला वाचून दाखवलेस?’ असे विचारावे व ते नाव देवघेव वहीत लिहावे. पुढील शाळाभेटीत मी जडसंग्रह नोंदवहीच्या आधी ती वही मागणार आहे.