सरकारी कथा आणि आपले मौन
(भालकी येथील सभेत केलेले भाषण)



१७ सप्टेंबर हा दिवस आपल्या भागात दरवर्षी उगवतो. झेंडा चढतो, मुलांची प्रभातफेरी निघते, पाहुणे येऊन गेल्या वर्षीचेच भाषण पुन्हा करतात आणि आपण गेल्या वर्षीइतक्याच टाळ्या वाजवतो. पण या एका दिवसाला किती नावे पडली आहेत, याचा कधी विचार केला आहे का? मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन आहे. बिदर-गुलबर्ग्यात तो विमोचन दिन होता. २०१९ साली कर्नाटक सरकारने या भागाचे नाव बदलून 'कल्याण कर्नाटक' केले आणि दिवसही 'कल्याण कर्नाटक उत्सव' झाला. २०२२ साली तेलंगण सरकारने त्याला राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले. त्याच वर्षी केंद्र सरकारने तो हैदराबाद मुक्ती दिन म्हणून साजरा केला. २०२४ साली तेलंगणातील नव्या सरकारने त्याचे पुन्हा नवे बारसे करून 'प्रजा पालन दिन' असे नाव ठेवले. नाव ठेवणारे सरकार आणि पाळणा हलवणारे आपण! या साऱ्या नावांखाली त्या दिवसांत नेमके काय घडले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी सैन्य निजामाच्या मुलखात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. रणगाडे आले, विमाने आली. तरी या मोहिमेला नाव पडले 'पोलीस कारवाई'. निजामाने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे नेले होते. युद्ध म्हटले की दोन राष्ट्रे आली. पोलीस म्हटले की घरचा मामला झाला. राजकारणात शब्द असेच घडवले जातात. माझे भांडण त्या शब्दाशी नाही.

आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगतो, म्हणजे उगाच गैरसमज नको. निजामी राजवट जायलाच हवी होती. 'गश्ती निशान ५३' या हुकुमाने सभेलाही परवानगी लागत होती. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून शेकडो विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळच्या गोर्ट्यात रझाकारांनी निरपराध गावकऱ्यांचे हत्याकांड केले. तेथे आज स्मारक उभे आहे, आणि ते असलेच पाहिजे. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबादेत हत्या झाली. मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हात तोडला. मुसलमान असून त्यांनी रझाकारांवर टीका केली आणि हिंदी संघराज्यात सामील होण्याचा पुरस्कार केला, हाच त्यांचा अपराध.

हे सारे खरे आहे आणि आपल्या भाषणांतून ते येतेही. सरकारी कथा नेहमी खोटी असते असे मुळीच नव्हे. ती सोयीच्या जागी थांबते. १७ सप्टेंबरला झेंडा चढला की आपली कथा संपते. १८ सप्टेंबरला काय झाले?

त्या दिवसांनंतर आलेल्या वार्तांनी अस्वस्थ होऊन पंडित नेहरूंच्या पुढाकाराने एक सदिच्छा मंडळ हैदराबाद संस्थानात पाठवण्यात आले. पंडित सुंदरलाल आणि 'पयाम' पत्राचे संपादक काझी अब्दुल गफार हे त्यातील प्रमुख. १९४८च्या नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मंडळ सोळापैकी नऊ जिल्ह्यांत हिंडले. गावोगावच्या पाचशेहून अधिक लोकांच्या जबान्या त्याने घेतल्या. त्याच्या अहवालाचा अंदाज असा की, कारवाईच्या काळात व तिच्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली. त्यातील बहुसंख्य मुसलमान होती. सर्वाधिक झळ लागलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांतच अठरा हजारांहून कमी माणसे मेली नाहीत, असे अहवाल म्हणतो. बंधूंनो, या चार जिल्ह्यांत आपलीच गावे आहेत.

हा अहवाल एकांगी नाही. रझाकारांचे अत्याचार त्याने झाकले नाहीत. सैन्याच्या अधिकाऱ्यांची वागणूक सर्वसाधारणपणे चांगली होती हे त्यात आहे, तसेच काही ठिकाणी शिपाई लुटीत सामील झाले हेही आहे. मुसलमान विणकरांना वाचवताना हिंदू विणकरांनी प्राणही वेचले, हेही त्यात नोंदलेले आहे. म्हणजे ज्या कागदात आपली लाज लिहिली आहे, त्याच कागदात आपला अभिमानही लिहिला आहे. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. पुढे अभ्यासकांनी त्यातील काही भाग छापले, आणि २०१३च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात सर्वसामान्य वाचकांस पाहता येऊ लागला. अहवाल दडवला म्हणून लाज पुरली गेली, आणि तिच्याबरोबर त्या विणकरांचे पुण्यही पुरले गेले.

आता सरकारला शिव्या देऊन मी खाली बसलो, तर टाळ्या मिळतील. पण खरी अडचण दिल्लीत किंवा बंगळुरात नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांनी मला पत्र लिहिले. त्यांच्या गावी मशिदीलगत एक आळी होती. १९४८नंतर ती ओस पडली. "त्या घरांतील माणसांचे काय झाले, हे आपल्या १७ सप्टेंबरच्या पुरवणीत कधी येईल?" एवढेच त्यांनी विचारले होते. मी ते पत्र छापले नाही. मला कोणा पोलिसाने दम दिला नव्हता, कोणा मंत्र्याचा निरोप आला नव्हता. वर्गणीदार काय म्हणतील, चळवळीतले सोबती काय म्हणतील, कोणी 'रझाकारांचा कैवारी' तर म्हणणार नाही ना, एवढ्याच भयाने मी ते खणात टाकले. पुढच्याच वर्षी ते शिक्षक वारले. निजामाला हुकूम काढावा लागत होता. माझ्या बाबतीत कोणाला तेवढेही कष्ट पडले नाहीत.

१९५१च्या सुमारास सॉलोमन अॅश या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या तीन रेघांपैकी चौथीइतकी लांब कोणती, एवढाच प्रश्न. आधी शिकवून ठेवलेल्या मंडळींनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले की, खरे उत्तर डोळ्यांसमोर असूनही सुमारे तीनचतुर्थांश माणसे एकदा तरी त्यांच्या मागे गेली. पण मंडळींतील एकानेच खरे उत्तर दिले, तर मागे जाणाऱ्यांचे प्रमाण एकदम खाली आले. प्रश्न विचारणाऱ्याला बहुमत लागत नाही. त्याला एक सोबती लागतो. त्या शिक्षकांना तो सोबती मी द्यायला हवा होता.

कोणी म्हणेल, जुन्या जखमा कशाला उकरता? मी उलट विचारतो: १ नोव्हेंबर १९५६ला आखलेली रेघ आपण मुकाट्याने मान्य केली का? सरकारी कागद अपुरा आहे, आमचेही म्हणणे ऐका, असे सांगत आपल्या पिढ्या गेल्या. जो अधिकार आपण स्वतःसाठी मागतो, तो शेजाऱ्याने मागितला की आपण कान झाकावेत, हे न्यायाला धरून नाही.

येथून बसवकल्याण फार दूर नाही. बाराव्या शतकात तेथे अनुभवमंटपात चांभार आणि ब्राह्मण शेजारी बसून रूढीला प्रश्न विचारीत होते. हरळय्याच्या मुलाचा आणि मधुवरसाच्या मुलीचा विवाह झाला म्हणून त्या दोघा पित्यांना राजाने देहान्त शासन दिले, असे परंपरा सांगते. प्रश्नांची किंमत या मातीला आपल्या आधीपासून माहीत आहे.

म्हणून एवढेच सांगतो. येत्या १७ सप्टेंबरच्या अंकात गोर्ट्याच्या हुतात्म्यांना वंदन असेल, शोएबुल्ला खानांचे स्मरण असेल, आणि त्यांच्या शेजारी त्या शिक्षकांचे पत्र असेल. आपल्या घरातील वृद्धांनी सांगितलेले, कधी कोणाजवळ न बोललेले काही असेल, तर तेही पाठवा. वर्गणी बंद करणाऱ्यांनी जरूर करावी. पण ते पत्र आता खणात राहणार नाही.