हजार घोडे की हलकं अंग?



गटासाठी कांडप यंत्र किंवा गिरणी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो, "मोटर किती हॉर्सपॉवरची?" गावच्या गिरणीला दहा हॉर्सपॉवर पुष्कळ होतात. आज हजार हॉर्सपॉवरच्या गोष्टी बोलू. आपली मुलं मोबाइलवर बघतात त्या गाड्यांपैकी दोन घेऊ.

पहिली इंग्लंडची, मॅकलारेन एफ-वन. १९९० च्या दशकातली. सगळ्या मिळून फक्त १०६ बनल्या. ती आखली गॉर्डन मरे यांनी. त्यांचा हट्ट एकच, गाडी हलकी हवी. म्हणून सांगाडा लोखंडाचा नाही, कार्बन फायबरचा. चालक मधोमध बसतो, दोघे त्याच्या दोन्ही बाजूंना, थोडे मागे. इंजिनाची धग परतवायला आत चक्क सोन्याचा पत्रा लावलाय, कारण सोनं उष्णता छान परतवतं. वजन साधारण ११४० किलो, ताकद ६२७ हॉर्सपॉवर. १९९८ साली ती ताशी ३८६ किलोमीटर धावली.

दुसरी फ्रान्सची, बुगाटी वेरॉन. मोल्सहाइम गावात २००५ ते २०१५ या काळात ४५० बनल्या. इथे विचार उलटा, ताकदच वाढवायची. सोळा सिलिंडर, चार टर्बो, १००१ हॉर्सपॉवर. एवढी धग काढायला दहा रेडिएटर. मग वजनही वाढलं, जवळजवळ १९०० किलो. वेग ताशी ४०७ किलोमीटर.

आता हिशोब मांडू. वजनाला ताकदीने भागलं, तर मॅकलारेनचा एक घोडा १.८ किलो ओढतो आणि बुगाटीचा १.९ किलो. म्हणजे पावणेचारशे घोडे जास्त जुंपूनही एकेका घोड्यावरचं ओझं कमी झालं नाही. वेग मात्र २१ किलोमीटरनं वाढला. कारण वेग वाढला की वारा फार जोरात अडवतो, आणि तिथे निव्वळ ताकदच लागते. त्याची किंमतही आहे. पूर्ण वेगात बुगाटीची शंभर लिटरची टाकी साधारण बारा मिनिटांत रिकामी होते. तेवढ्यात गाडी जाते ऐंशी किलोमीटर.

मग चांगली कोणती? सगळ्यात जास्त वेग हवा असेल तर बुगाटी. कमी ताकदीत जास्त काम हवं असेल तर मॅकलारेन. काम काय, ते ठरल्याशिवाय उत्तर नाही.

तायांनो, यंत्राचं कोटेशन हातात येईल तेव्हा हॉर्सपॉवरच्या शेजारी आणखी तीन गोष्टी लिहून घ्या. तासाला किती किलो काम होतं? त्याला वीज किती लागते? बिघडलं तर सुटा भाग तालुक्याला मिळतो का? मोठी मोटर दिसायला भारी, पण कर्जाचा हप्ता आणि लाइट बिल दोन्ही गटानंच भरायचं असतं. बैठकीत हे तिन्ही आकडे मोठ्याने वाचा, मगच सह्या करा.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.