रॅस माशांची ओळख आणि घरगुती प्रवाळ-मत्स्यालय

(ओझर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



ओझरपासून समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तरीही घरी अथवा शाळेत खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवण्याची हौस आता येथवर पोचली आहे. त्यासाठी रंगीत रॅस मासे हमखास निवडले जातात आणि निवड चुकते तीही बहुधा त्यांच्याच बाबतीत. कारण उघड आहे. दुकानात दिसतो तो रंग माशाचा कायमचा रंग नव्हे.

पिवळ्या शेपटीचा कोरिस घ्या. पिल्लू नारिंगी-तांबडे, पाठीवर पांढरे ठिपके, लांबी बोटाएवढी. पूर्ण वाढलेला मासा निळ्या ठिपक्यांचा, जवळजवळ ४० सेंटिमीटर लांब, दगड उलथून कोळंबी व गोगलगायी फस्त करणारा! म्हणून रंगावर न जाता चाल पाहावी. रॅस मासा छातीच्या परांनी वल्हे मारल्यासारखा पोहतो. शेपटीचा उपयोग घाई असेल तेव्हाच करतो. इतर माशांच्या अंगावरील परोपजीवी खाणारा निळ्या पट्ट्याचा 'सफाईदार' रॅस ओळखताना तोंड पाहावे. ते थूथनाच्या टोकाशी असते. त्याचे हुबेहूब सोंग घेणाऱ्या ब्लेनी माशाचे तोंड खालच्या बाजूस असते व तो इतरांचे पर कुरतडतो. खरा सफाईदारही लहान पेटीत पुरेसे खाद्य न मिळाल्याने बहुधा खंगतो. तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षकांना एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. या माशाच्या कळपातील नर मेला की सर्वांत मोठी मादी सुमारे दोन-अडीच आठवड्यांत नर बनते, असे १९७२ साली ऑस्ट्रेलियातील अभ्यासातून दिसून आले.

आता प्रवाळांविषयी. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आणि २००१ पासून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. सहलीहून प्रवाळाचा तुकडा आणणे हा गुन्हा होय. पेटीत साधे दगड रचावेत. रॅस माशास लपण्यास कपारी हव्यात, त्या दगडांतही मिळतात.

पाणी मोजून घेण्याची सवय या परिसरास वाघाड प्रकल्पाच्या पाणीवापर संस्थांमुळे आहेच. येथे तीच कामी येते. दर लिटरला ३५ ग्रॅम सागरी मीठ, म्हणजे २०० लिटरच्या पेटीस ७ किलो. बाष्प होऊन जाते ते केवळ पाणी, मीठ मागे राहते. म्हणून भर घालताना गोडे पाणीच घालावे. द्राक्षबागांलगतच्या विहिरींत खतांचे नायट्रेट उतरलेले असू शकते, तेव्हा ते पाणी आर.ओ. यंत्रातून गाळून घ्यावे. मासे सोडण्यापूर्वी पेटी चार ते सहा आठवडे चालवावी. उन्हाळ्यात तापमान २८ अंशांवर जाऊ देऊ नये.

तळाशी पाच-सात सेंटिमीटर बारीक वाळू हवी, कारण अनेक रॅस रात्री वाळूत शिरून झोपतात. वर जाळीचे झाकण हवेच, कारण हे मासे उडी मारतात. नवा मासा पहिल्याच दिवशी वाळूत गडप झाला, तर उकरून काढू नये. कित्येकदा तो दोन-तीन दिवसांनी आपण होऊन वर येतो.